पाकिटावरचा आकडा

घारोबाचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. उठला की तोंडही न धुता तो न्हाणीघराच्या दाराआड ठेवलेल्या वजनकाट्यावर चढायचा. बनियन काढून, मनगटावरचं घड्याळ काढून आणि छातीतला श्वास बाहेर सोडून. श्वासाचं वजन काट्यावर येत नाही हे त्यालाही कळत होतं. तरी सोडायचा. उगाच जोखीम कशाला.

काट्यानं कमी दाखवलं तर तो बायकोला हाक मारायचा. जास्त दाखवलं तर काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवायचा आणि पुन्हा चढायचा.

मग बिनसाखरेचा काळा चहा आणि पाकिटातली बिस्किटं. पाकीट उलटं करून मागचा बारीक छापील आकडा तो दिव्याखाली नेऊन वाचायचा. तो मोबाइलमध्ये भरायचा. मोबाइलमध्ये एक पट्टी होती. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरी मर्यादेत असल्या की पट्टी हिरवी, मर्यादा ओलांडली की लाल. तीन महिने घारोबानं ती पट्टी लाल होऊ दिली नव्हती. मेहनत म्हणाल तर त्यानं केली. त्याबद्दल कुणी बोट दाखवू नये.

घारोबा लोखंडाच्या यार्डात क्रेन चालवायचा. ट्रकमधून सळयांचे गठ्ठे आणि तुळया यायच्या, त्या उचलून जागेवर लावायच्या आणि लागतील तशा पुन्हा ट्रकमध्ये भरायच्या. क्रेनची केबिन उंचावर. तिथून सगळं यार्ड दिसायचं. कोण शेडमागं विडी ओढतोय, कोण ढिगाऱ्याआड डुलकी काढतोय, सगळं. म्हणून नाव घारोबा पडलं. खरं नाव पगारवाटपाच्या दिवशीच ऐकू यायचं.

पण काम बसून. सकाळी शिडी चढायची, दिवसभर बसायचं, संध्याकाळी उतरायचं. वर्षं गेली तसं पोट पुढं आलं. आधी पट्टा एक भोक सैल झाला, मग पट्टा बदलला. शिडीच्या मधल्या फळीवर तो आताशा थांबायचा. खालची माणसं वर बघत म्हणायची, "घारीचं गिधाड झालं राव." घारोबा हसायचा. उंचावर बसणाऱ्याला एवढं चालतं.

त्याच्या क्रेनखाली काम करायचा त्याचा साडू, म्हणजे धाकट्या मेहुणीचा नवरा. गठ्ठ्याला साखळी बांधायची आणि हाताच्या खुणांनी वरच्याला सांगायचं की उचल, डावीकडं घे, सावकाश सोड. वजन त्याचंही वाढलेलं होतं, घारोबापेक्षा थोडं जास्तच. क्रेन चालवायचा परवाना त्यानं दोन वर्षांपूर्वी काढला होता, पण चालवायला क्रेन नव्हती. यार्डात एकच होती आणि तिच्यात घारोबा बसला होता.

मग दुसरी आली. यार्डाच्या पलीकडच्या टोकाला नवीन क्रेन उभी राहू लागली, जुनीच्या दुप्पट उंच, काचेची केबिन, आत पंखा. पगार जास्त. मुकादमानं सांगितलं, चालक बाहेरून आणायचा नाही, आपल्यातलाच घ्यायचा. पण शिडी उंच आहे, डॉक्टरांचा दाखला पाहिजे. दम लागणारा माणूस तिथं नको.

ती क्रेन आपलीच, हे घारोबानं त्याच दिवशी घरी सांगून टाकलं. बायकोनं तिच्या बहिणीला सांगितलं. बहिणीनं उलट विचारलं, "आणि आमचे नाही का अर्ज करणार?" तिथून घारोबाच्या पोटात दुखायला लागलं.

तपासणीला दोघं एकाच दिवशी गेले. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही तेच सांगितलं. वजन उतरवा, तीन महिन्यांनी या, मग दाखल्याचं बघू. घारोबा पहिला आत गेला होता. बाई खाण्याबद्दल बोलायला लागल्या, तर त्यानं मधेच तोडलं.

"बाई, दिवसाला किती खायचं तो आकडा सांगा. बाकी मी बघतो."

"आकडा सांगते, पण आधी काय खायचं ते..."

"आकडा सांगा."

बाईंनी सांगितला. तो हातावर लिहून घारोबा बाहेर आला. साडू आत गेला. बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. घारोबा बाकावर बसून दाराकडं बघत राहिला. एवढं काय बोलतोय हा? ओळख काढतोय की काय? साडूला गोड बोलता येतं, हे त्याला लग्नापासून माहीत होतं. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी धाकट्या जावयाला जवळचा म्हणायला सुरुवात केली होती.

त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत साडू त्याच्याजवळ येऊन बसला. "साडूभाऊ, त्या बाई काय म्हणाल्या माहितीये का..."

"तुमचं तुम्ही बघा, साडूभाऊ," घारोबा म्हणाला. "माझं मी बघतो."

साडू उठून गेला. पुन्हा त्यानं विषय काढला नाही.

आता घारोबाची चूक काय झाली ते सांगायला हवं. क्रेनवाल्याची एक सवय असते. ज्या मालावर वजन लिहिलेलं नाही, तो माल उचलत नाही. प्रत्येक गठ्ठ्याला पत्र्याची चिठ्ठी असते, प्रत्येक तुळईवर रंगानं आकडा असतो. नसेल तर मुकादम आला तरी उचलायचं नाही. ही सवय चांगली आहे. तिच्यामुळं यार्डात माणसं जिवंत आहेत. घारोबानं तीच सवय जेवणाला लावली. ज्याच्यावर आकडा छापलेला नाही, ते खायचं नाही.

आकडा कशावर छापलेला असतो? पाकिटावर. बिस्किटं, वेफर, बिनसाखरेचं म्हणून विकतात ते थंड पेय, पाण्यात ढवळून प्यायची सुपाची पूड, गोड वड्या. बायकोनं केलेल्या डाळीवर आकडा नव्हता. भाजीवर नव्हता. अंड्यावर कुणी काही छापत नाही.

पहिल्या दिवशी ताट सरकवलं तेव्हा बायको म्हणाली, "काय झालं? खारट झालंय का?"

"खारट नाही. किती आहे ते कळत नाही."

"एक वाटी आहे. दिसत नाही का?"

"वाटी नव्हे गं. आकडा. यात तेल किती, डाळ किती, कसं मोजू?"

बायकोनं वाटीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "लग्न झाल्यापासून मी रांधतेय. आजवर आकडा लागला नाही. आता कंपनीनं छापलं तरच तुमच्या घशाखाली उतरणार?"

"तुला क्रेन हवी आहे ना मला मिळायला?"

"क्रेन तुम्हाला हवी आहे," ती म्हणाली आणि वाटी उचलून घेऊन गेली. नंतर ती त्याच्यासाठी रांधायचीच थांबली. चहा तेवढा करायची, आदळून.

पहिल्या महिन्यात वजन झरझर उतरलं. घारोबा हवेत होता. वरून तो साडूकडं बघायचा. साडू खाली सावलीत बसून चार कप्प्यांचा डबा उघडायचा. एकात उकडलेली अंडी, एकात शिजवलेले मसूर नाहीतर वाटाणे, एकात भाजी गच्च भरलेली, एकात दही. जोडीला थोडा भात नाहीतर पाव. सावकाश खायचा, बोटं चाटायचा, तृप्त होऊन पाय पसरायचा. घारोबा वर बसून वेफरची पुडी उघडायचा आणि मनात म्हणायचा, खा. खा बाबा. असाच खात राहा. क्रेन आपलीच.

दुसऱ्या महिन्यात काटा अडला. आकडा तोच, पट्टी हिरवी, पण काटा हलेना. घारोबानं आणखी कमी केलं. संध्याकाळची पुडी बंद केली. पोटात सारखी कुरतड असायची. तोंडाला वास यायला लागला. शिडीच्या मधल्या फळीवर तो पूर्वी एकदा थांबायचा, आता दोनदा. आणि चिडायचा. चपलेचा अंगठा तुटला तरी घर डोक्यावर घ्यायचा.

साडूचं मात्र काहीतरी होत होतं. एका दिवसात दिसणारं नव्हे. पण एके सकाळी घारोबानं वरून पाहिलं, तर साखळीचं जड कडं उचलताना साडूनं गुडघ्यावर हात टेकला नव्हता. पूर्वी टेकायचा. मग दिसलं की कंबरेला पट्ट्याचं टोक लांब लोंबतंय. घारोबाच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं सगळं गिळून? हा लपून पळायला जातो की काय?

रविवारी मेहुणीकडं जेवायला बोलावलं. सासूबाईही होत्या. दारातच त्या धाकट्या जावयाच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "चेहरा कसा उजळलाय बघ." मग घारोबाकडं वळल्या. "आणि तुम्हाला बरं नाही का?"

"बारीक झालोय."

"ते दिसतंय. आजारी नाही ना पण?"

जेवताना साडूनं दोनदा वाढून घेतलं. घारोबानं खिशातून पुडी काढली. ताटं थांबली. मेहुणीनं हसू दाबलं, पण पुरतं दाबलं नाही.

"भाऊजी, आमच्या घरचं चालत नाही का?"

"पथ्य आहे," घारोबा म्हणाला.

"पथ्याला पुडी?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्या वेळी पथ्याला घरचं जेवण असायचं."

बायकोनं पुडीकडं बघितलंसुद्धा नाही. ती बहिणीच्या पातेल्यातली भाजी वाढून घेत होती. घारोबाला वाटलं, मुद्दाम.

हात धुवायच्या निमित्तानं तो आत गेला. साडूचा वजनकाटा कुठं आहे ते त्याला बघायचं होतं. एकदा उतरलेला खरा आकडा कळला की बरं. न्हाणीघरात नव्हता. पलंगाखाली नव्हता. शेवटी त्यानं साडूलाच विचारलं, सहज विचारल्यासारखं.

"काटा? नाही बुवा आमच्याकडं."

"मग वजन कसं कळतं?"

"यार्डात आहे की," साडू म्हणाला. "ट्रकांचा. त्यावर उभा राहीन म्हणतो एकदा."

सगळे हसले. घारोबाच्या बायकोलाही हसू आलं. त्या रात्री घरी परतताना घारोबा तिच्याशी बोलला नाही. ज्याच्याकडं काटा नाही तो माणूस उतरतो, आणि ज्यानं तीन महिने काट्याची चाकरी केली त्याला बिस्किटं चावत बसावं लागतं. यात न्याय कुठं होता?

तपासणीला आठवडा उरला होता. दुपारची वेळ, पत्रे तापलेले. सकाळपासून घारोबाच्या पोटात बिस्किटं आणि थंड पेय, पट्टी हिरवीगार. खालून साडूनं सळयांचा गठ्ठा बांधून हात वर केला. उचल. घारोबानं दांडा ओढला. गठ्ठा जमिनीवरून सुटला, वर आला. तो आडवा न्यायचा होता, रिकाम्या ट्रककडं.

तेवढ्यात घारोबाच्या डोळ्यांपुढं काळे ठिपके आले. हात थरथरला. दांडा हवा त्यापेक्षा पुढं गेला आणि गठ्ठा झोके घ्यायला लागला.

खाली साडूनं दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले. याचा अर्थ थांब. ही खूण यार्डात कुणीही केली, झाडूवाल्यानं केली, तरी वरच्यानं थांबायचं. विचारायचं नाही, बघायचं नाही, थांबायचं. घारोबा नवीन पोरांना पहिला धडा हाच द्यायचा.

पण त्या क्षणी त्याच्या मनात एकच आलं. ट्रकपाशी मुकादम उभा आहे. साडू मुकादमाला दाखवतोय. बघा, घारोबाला जमत नाही.

त्यानं दांडा सोडला नाही. एक श्वास, दोन श्वास. गठ्ठा आणखी पुढं गेला.

साडू जागचा हलला नाही. तो पळून जाऊ शकला असता. पण पळाला असता तर खूण दिसली नसती. तो गठ्ठ्याच्या वाटेत, हात डोक्यावर धरून, वर केबिनकडं बघत उभा राहिला. त्याचा चेहरा घारोबाला दिसला. त्या चेहऱ्यावर दाखवायचं काही नव्हतं. नुसती भीती होती.

घारोबानं दांडा सोडला. क्रेन थांबली. गठ्ठा झुलत झुलत हळूहळू शांत झाला. मग त्यानं दांडा दोन्ही हातांनी धरून गठ्ठा सावकाश खाली टेकवला आणि कळ बंद केली. तो खुर्चीतच बसून राहिला.

शिडीवर पावलं वाजली. एकसारखी, कुठंही न थांबता. साडू केबिनच्या दारात उभा राहिला. एवढं सगळं घडलं होतं, माणूस थोडक्यात वाचला होता, आणि घारोबाला पहिलं काय दिसलं? साडूला दम लागलेला नाही. शिडी एका दमात चढून आला आणि छाती साधी हललीसुद्धा नाही. तेही त्याला सललं.

साडूच्या हातात डबा होता. त्यानं तो घारोबाच्या मांडीवर ठेवून उघडला.

"खा."

"किती आहे यात?"

"पोटभर आहे. खा."

घारोबानं अंडं उचललं. दोन घासांत संपवलं. साडू बाहेर बघत दाराला टेकून उभा राहिला, म्हणजे आपल्याला खाताना कुणी बघतंय असं घारोबाला वाटू नये.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?" मसूर संपत आले तेव्हा घारोबानं विचारलं.

"तुम्ही गेल्यावर म्हणाल्या, तुमचे साडू आकडा घेऊन गेले, ऐकायचं राहूनच गेलं. मला म्हणाल्या, मोजत बसू नका. अंगमेहनतीचा माणूस आहात. अंडी, डाळी, भाज्या, दही, असं खरं अन्न खा. पोट भरलं की थांबा. पाकिटातलं होता होईल तेवढं टाळा. वजन हळू उतरेल, पण वजनाबरोबर ताकद उतरणार नाही."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही."

"सांगायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, तुमचं तुम्ही बघा."

घारोबानं डबा जवळ ओढला. दह्याचा कप्पा त्यानं बोटानं पुसून घेतला.

"मागं दोन गठ्ठे आले होते, आठवतंय?" साडू म्हणाला. "दोन्हींवर वजन एकच लिहिलेलं. एक सरळ गेला. दुसऱ्याच्या सळया अर्ध्यातच सुटल्या."

"बांधणी सैल होती."

"वजन बरोबरच होतं की पण."

तो गठ्ठा घारोबाला चांगला आठवत होता. सळया सुटल्या तेव्हा केबिनमध्ये तोच होता.

दोघं उतरले तेव्हा खाली मुकादम थांबला होता. साडू काही बोलणार तेवढ्यात घारोबानं त्याला हातानं मागं सारलं.

"खूण दिसली होती," तो मुकादमाला म्हणाला. "थांबलो नाही. हात थरथरत होता. मला वर पाठवू नका."

"किती दिवस?"

"थरथर जाईस्तोवर."

हे बोलणं सोपं नव्हतं. उंचावर बसलेल्या माणसाला खाली उतरवलं जाणं वेगळं, आणि त्यानं स्वतः उतरणं वेगळं. स्वतः उतरायला मेहनत जास्त लागते. पण चूक त्याची होती, किंमतही त्यानंच द्यायला हवी होती.

नवीन क्रेन साडूला मिळाली. डॉक्टरीणबाईंनी दाखला देताना काट्याकडंही पाहिलं, पण आधी त्याला जिने चढायला लावले आणि हात पुढं धरायला सांगितले. हात स्थिर होते. मेहुणीनं शेजारीपाजारी मिठाई वाटली. घारोबाच्या घरी ती स्वतः घेऊन आली. घारोबानं एक तुकडा खाल्ला. गोड लागला, तरी दुसरा घेतला नाही.

जुन्या क्रेनवर बदली माणूस आला आणि घारोबा खाली साखळ्या बांधायला लागला. पगार घटला. अंग मोडून यायचं. दुपारी मान वर केली की यार्डाच्या टोकाला काचेच्या केबिनमध्ये साडू दिसायचा, आणि घारोबाला वाटायचं, तो खाली बघतोय, आणि आपल्यालाच बघतोय. खरं तर साडू गठ्ठ्याकडं बघत असायचा. घारोबानंही वर असताना तेच केलं होतं. निदान बहुतेक वेळा.

खाली आल्याच्या पहिल्या संध्याकाळी तो घरी येऊन ताटावर बसला. बायकोनं चहा आदळला.

"भाजी आहे का?"

ती थांबली. "आहे. पण तिच्यावर काही छापलेलं नाही."

"असू दे."

तिनं वाढलं. भाजी, डाळ, एक अंडं, थोडा भात. तो सगळं खाऊन ताट पुसून उठला. तिनं ताट उचललं. दुसऱ्या दिवशी तिनं चहा नुसता ठेवला, आदळला नाही.

वजनकाटा दाराआडच राहिला. घारोबा त्यावर रोज चढायचं थांबला, पण टाकून द्यायचा जीव झाला नाही. काही आठवडे काटा हललाच नाही. घारोबानं दात आवळले आणि खात राहिला. मग काटा हळूहळू खाली यायला लागला, गोगलगाईच्या चालीनं. चालीशी त्याला आता देणंघेणं नव्हतं. त्याला साखळीचं कडं एका हातानं उचलता येत होतं. पोटातली कुरतड गेली. शेजारचं पोर दारात चेंडू आपटत बसलं तरी तो ओरडला नाही, तेव्हा बायकोनं कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

थंडी पडायच्या सुमारास तो डॉक्टरीणबाईंकडं पुन्हा गेला. या वेळी खुर्चीवरून उठायची घाई केली नाही. बाई बोलत होत्या तोवर बसून ऐकलं, माहीत होतं तेही ऐकलं. मग जिने चढला. हात पुढं धरले. बाईंनी कागदावर सही केली.

जुन्या क्रेनची शिडी तो ज्या सकाळी पुन्हा चढला, त्या सकाळी खालची माणसं बघत उभी होती. मधली फळी आली. तो थांबला नाही. वर पोचल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं, तर यार्डाच्या टोकाकडं पाहिलं. साडूनं काचेतून हात केला. घारोबानंही केला. साडूची केबिन अजून उंचच होती. ती तशीच राहणार होती. पंखाही तिथंच राहणार होता.

क्रेनचा पहिला पूर्ण पगार हातात आला त्या संध्याकाळी घारोबा बाजारात गेला. बायको बरोबर होती. भांड्यांच्या दुकानात त्यानं सगळे डबे खाली काढायला लावले. झाकणं फिरवून पाहिली, कड्या ओढून पाहिल्या, रबर दाबून पाहिलं. दुकानदार कंटाळला.

"नक्की कसा हवा तुम्हाला?"

"चार कप्प्यांचा नको," घारोबा म्हणाला. "त्याच्या पुढचा दाखवा."

दुकानदारानं माळ्यावरून धूळ झटकून पाच कप्प्यांचा काढला. जड, जाड पत्र्याचा, वर घट्ट कडी. घारोबानं तो हातात तोलला, किंमत केली नाही, पैसे मोजले.

"अहो, पाचव्यात मी भरू काय?" बायको म्हणाली.

"काहीही भर. साडूकडं चारच आहेत."